किलोभर तेल

माझ्या सासूबाई रुखमाबाई खाप्याहून आल्या, की चहाच्याही आधी आंब्याच्या लोणच्याची बरणी उघडायच्या. फोडी तेलाच्या वर डोकं काढून असायच्या. "तेल कमी पडलं वं," एवढंच म्हणून त्या तेल तापवायच्या, थंड करून ओतायच्या आणि चार दिवस राहून परत जायच्या.

किलोभर तेलाचं प्रमाण त्यांचंच. मी दर वर्षी लिटरची बाटली भरून आणायची, आणि दर वर्षी बुरशीच्या धास्तीनं त्यांना निरोप धाडायची. म्हातारीनं मुद्दाम चुकीचं सांगितलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सत्त्याहत्तर साली इतवारीतल्या दुकानदाराचं लिटरचं माप गळू लागलं, म्हणून त्यानं डब्यात किलोभर तेल तोलून दिलं. माझी बाटली काठोकाठ भरली, तरी डब्यात तेल उरलंच.

"तेल पाण्याहून हलकं राहते, बाई," तो म्हणाला. "किलोभर तेल लिटरात कसं मावन?"

त्या वर्षी फोडी तेलात बुडाल्या. मी निरोप धाडला नाही.

पंधरवड्यानं सासूबाई आपणहूनच आल्या. बरणी उघडून पाहिली आणि झाकण हळूच परत लावलं.

मी भडकलेच. "किलो अन् लिटर सारखं नसते, हे तुम्हाले ठाऊक होतं?"

"होतं."

"मग इतके वर्षं काहून नाही सांगतलं?"

त्या बरणीवरचा फडका बांधत राहिल्या.

"यंदा तेल बरोबर पडलं," त्या म्हणाल्या, "तं तुहा निरोप आला काय वं?"