कुलपाचा प्रश्न

रविवारी ॲडम्सटाउनच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. यंदा सोबत 'स्त्री-पुरुष समानता आणि पोलिसांशी संवाद' असा भारदस्त कार्यक्रम! आमच्या भागातली गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, एफा खास आली होती. मी यंदाच शाळेच्या डिबेट टीममध्ये गेलेय, त्यामुळे माईक दिसला की मला राहवत नाही. पण माईक होता नंदकुमारकाकांकडे. मंडळाचे अध्यक्ष तेच, आज दुभाषी तेच, आणि कुणाकडे नवरा-बायकोचं भांडण झालं की जाऊन चहा पिऊन मिटवणारेही तेच.

"वहिनी, विचारा बिनधास्त!" ते विभावरीकाकूंना म्हणाले. काकू लग्न होऊन गेल्या वर्षीच नागपूरहून आल्यात. इंग्रजीत अडखळतात.

काकू उठल्या. "नवरा बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जात असेल, तर पोलिसांना बोलावता येतं का?"

प्लेटमधले चमचे थांबले. काकूंचा नवरा शार्दूलकाका मोबाइलमध्ये बघून हसला.

नंदकुमारकाकांनी इंग्रजीत सांगितलं, "नवरा ऑफिसला गेल्यावर चोरांपासून घर कसं जपायचं, असं विचारतेय ती."

एफा खूश! कुलूप कोणतं घ्यावं, मागच्या दाराला साखळी कशी लावावी, सगळं तिनं प्रेमानं समजावलं. काकू मान हलवत राहिल्या.

मी उभी राहिले.

"रेवा, खाली बस," आई कुजबुजली. "त्यांच्या घरातलं आहे ते."

नाही बसले. काकूंचा प्रश्न शब्दन् शब्द इंग्रजीत, मोठ्यानं सांगितला.

एफा काकूंजवळ जाऊन बसली. "खरंय का हे?" काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. बायका वाणाचे डबे उघडून बघत होत्या.

"नो, नो. ऑल ग्रँड," सगळं छान आहे, असं काकू इथल्या लोकांसारखं म्हणाल्या.

"फार टीव्ही सिरियल्स बघतात या मुली!" नंदकुमारकाका म्हणाले. हॉल खदखदून हसला.

एफानं तरी काकूंच्या हातात आपलं कार्ड ठेवलं. "दे इकडे, हरवशील," म्हणत शार्दूलकाकानं ते खिशात घातलं.

आज शाळेतून येताना मी काकूंच्या घराची बेल वाजवली. दाराच्या आतून आवाज आला, "रेवा, किल्ली नाही गं माझ्याकडे."

मी उद्या एफाकडे जाणार आहे. आई म्हणते, काकू पुन्हा 'नो'च म्हणतील. म्हणतीलही. कुणाच्या जिवावर 'हो' म्हणतील त्या? त्या हॉलमध्ये मराठी न कळणारी एकटी एफा होती. आपल्याला तर पहिल्याच वाक्याला कळलं होतं.