तीनातली एक गोळी

मी क्षयाचा जंतू बोलतोय. तोंडावर पदर धरा हवा तर, पण माझं ऐकून घ्या.

माझा जन्म बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात राहणाऱ्या रुपालीच्या छातीत झाला. आमच्यात जन्म म्हणजे नक्कल. एकाचे दोन होताना अंगातला लाखो अक्षरांचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा. माझ्या वेळी त्यात एक अक्षर चुकलं. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मग औषध आलं. आरोग्य केंद्रातल्या पूर्णिमाताईंनी रुपालीच्या तळहातावर तीन लाल गोळ्या ठेवल्या. "रोज उपाशी पोटी घ्यायच्या. पेशाब लाल होईल, घाबरू नको. एक दिन बी नागा नको."

एकेका गोळीत चार-चार औषधं. माझी भावंडं पटापट मेली. काही हालचाल थांबवून गुपचूप पडून राहिली. त्यातलं सगळ्यात जालीम औषध मला मात्र धरता येईना. ते जिथं पकडतं, नेमकं तिथंच माझं अक्षर चुकलेलं. यात माझी हुशारी काहीच नाही. बाकीच्या तीन औषधांनी मला अर्धमेलं केलंच होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर मी संपलो असतो.

तेवढ्यात आखाजी, लेकींना माहेरी नेणारी अक्षय्य तृतीया, आली आणि रुपाली माहेरी, देडतलाईला गेली. तिथं मोरीतलं लाल पाणी पाहून तिची आई, सरुबाई, ओरडलीच.

"बाई वं, रक्त जाऊन राह्यलं तुले! गोळ्या गरम पडल्या."

"आई, ताई बोलल्या होत्या, लाल होतेच म्हणून."

"त्यांचं काय जाते? लेक माही हाय. एकच घे, तेबी ताकासंगं."

रुपालीनं ऐकलं. पाण्याचा रंग फिका पडला आणि सरुबाईला हायसं वाटलं. रुपाली झोक्यावर बसली, मैत्रिणींबरोबर गाणी म्हणाली, रात्री आईला बिलगून झोपली. असा दीड महिना गेला. एका गोळीनं साधी भावंडं मरत राहिली, मी वाचलो, आणि त्यांची रिकामी जागा मला मिळाली. माझे दोन झाले, दोनाचे चार, सगळ्यांत तेच चुकलेलं अक्षर. पुढं माझ्याच एका लेकराचं आणखी एक अक्षर चुकलं आणि दुसरं औषधही वाया गेलं.

पावसाळ्यात रुपालीला खोकल्याची उबळ आली. या वेळी लाल होतं ते खरंच रक्त होतं. तपासणीत माझी चूक सापडली, नवी औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. रुपाली गेली. ती गेली तशी तिच्यातली माझी सगळी लेकरंही गेली. घर मोडून मला काय मिळालं, मलाच ठाऊक नाही.

आता मी सरुबाईच्या छातीत राहतो. आखाजीच्या त्या दिवसांत, झोपेत रुपाली खोकली, तेव्हाच मी इकडे आलो होतो.

उपचारासाठी ती बुऱ्हाणपुरात, लेकीच्या घरी येऊन राहिलीय, आणि पूर्णिमाताई रोज तिच्या दारी येतात. सरुबाई नव्या औषधांच्या गोळ्या हातात घेऊन नुसती बसते.

"ताई, मह्या हातानं लेक मारली मी. मले कायले जगवून राह्यल्या?"

ताई पाण्याचा पेला पुढे करून उभ्या राहतात.

सरुबाई, तू आईच्या मायेनं चुकलीस. मी तर नुसताच चुकलो. तुझ्या लेकीच्या श्वासातून तुझ्यापर्यंत पोचलेलं काही उरलं असेल, तर तो मी आहे. तरी घे त्या गोळ्या. सगळ्या घे. तिची आठवण म्हणून मला ठेवू नकोस.