लाल ठिपका

नर्सबाईंच्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचे प्लग मिस्तरीने काढले आणि तसेच फडक्यावर ठेवले. डावा राखेसारखा पांढरा, उजवा काजळीने काळा. एकाच घरातली दोन लेकरं, एक उपाशी, एक अपचनाने बेजार. पेट्रोल इकडे कमी, तिकडे जास्त. गाडी तिसऱ्यांदा परत आली होती. आता दुसरीकडे दाखवते, असं बाई हसत म्हणाल्या होत्या. ते हसणंच लागलं होतं.

ही त्यांच्या वडिलांची, म्हणजे मिस्तरीच्या दोस्ताची गाडी. हिला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तरी कुणीतरी लावतंय, याची त्याला खात्री होती. बायकोचा धाकटा भाऊ दहा वर्षं हाताखाली होता. पण हल्ली मिस्तरी जेवायला निघाला की तो मागे रेंगाळायचा, परतला की घाईने हात पुसायचा. घरी बहिणीशी कुजबुजायचा आणि मिस्तरी आत आला की दोघं गळक्या नळावर बोलू लागायची. नळ तर कधीचा दुरुस्त झाला होता. मेहुण्याला आपलं नाव बुडवून स्वतःचं गॅरेज थाटायचंय, दुसरं काय!

नर्सबाईंची गाडी त्याने पुन्हा जुळवली. मग बायकोची नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली आणून चारही तयार गाड्यांच्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूंवर ठिपके दिले. स्क्रू फिरला की ठिपका फुटणार. मग तो जेवायला घरी गेला.

परत येऊन त्याने नखाने चाचपलं. तीन गाड्यांचे ठिपके फुटले होते. नर्सबाईंच्या गाडीचे तेवढे शाबूत.

"घरभेद्या निघालास," तो म्हणाला.

मेहुण्याने मान खाली घातली. "दाजी, हिच्याशिवाय यंदा एक तरी गाडी परत आली का? बाकीच्या मी मागाहून नीट करतो, हिला हात लावू देत नाही तुम्ही."

मेहुण्याने नर्सबाईंच्या गाडीचे दोन्ही कार्ब्युरेटर उघडले, त्यांतून पेट्रोल सोडणाऱ्या, तांदळाएवढ्या दोन पितळी जेट काढून मिस्तरीच्या तळहातावर ठेवल्या. "तुम्हीच बसवलेल्या. वाचा आकडा."

त्याने हात उजेडाकडे नेला, लांब धरला, जवळ आणला. "एकशे दहा. दोन्ही."

"एक एकशे तीस आहे."

मिस्तरीने अंगठ्याने जेट चाचपल्या.

"तुझ्या ताईला ठाऊक आहे?"

"तिनंच सांगितलं. गोळ्यांच्या पाकिटावरचं तुम्हाला दिसत नाही म्हणून. तुम्हाला कळू न देता बघ, म्हणाली."

मिस्तरीने जेट परत दिल्या. मेहुण्याने सारख्या आकड्याची जोडी बसवून गाडी सुरू केली. मिस्तरी मागे उकिडवा बसला, दोन्ही सायलेन्सरांसमोर दोन तळवे धरले आणि डोळे मिटले. डावीकडचा श्वास अजून जरा दुबळा होता.

"डावा स्क्रू, किंचित," तो म्हणाला. "फिरव तू. मी सांगतो."