नव्या रंगावरचं नाव

सुधारगृहात पोरांना लिहायला शिकवणाऱ्या बाईंचा एकच हट्ट होता: आधी स्वतःचं नाव, मग बाराखडी. तास संपला की पेन्सिली काढून घेतल्या जात, म्हणून त्या बजावायच्या, "मिळेल तिथे गिरवा रे!"

सगळे ज्याला 'उंदऱ्या' म्हणत, त्यानं ते मनावर घेतलं. जन्मात कुणी नावानं हाक न मारलेल्या त्या पोरानं चमच्याच्या दांड्यानं खाटेमागच्या भिंतीवर आपलं नाव कोरलं. आणि वरच्या साहेबांच्या तपासणीसाठी नेमका आदल्याच दिवशी तिला रंग दिलेला!

"याआधी भिंतीवर घाणेरडी चित्रं निघायची, पण कुणाची ते कळायचं नाही," अधीक्षक खुशीत म्हणाले. "तुमच्या कृपेनं चोर आपल्या पायांनी चालत आला, बाई." शिक्षा म्हणून महिनाभर आईची भेट बंद झाली.

भेटीच्या दिवशी फाटकावर हे सांगायचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं.

"काय लिहिलं मेल्यानं?" आईनं डबा पोटाशी धरत विचारलं.

"स्वतःचं नाव."

"एवढंच?" ती कडाडली, "ज्यानं माझ्या लेकराला हे शिकवलं, त्याचे हात झडोत!"

बाईंनी खडूनं माखलेले हात हळूच पाठीमागे नेले.