फितीमागचं कपाट

आमच्या शाळेत ज्याला आजारी पडायचं असेल त्याने मधल्या सुट्टीच्या आत पडावं. सुट्टीनंतर मला लागोपाठ तास असतात, आणि शाळेतल्या सगळ्या आजारपणाचा कारभार माझ्याकडे आहे. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, विज्ञानाची शिक्षिकाही नाही. मी मेघा मॅडम, चित्रकला आणि हस्तकलावाली. पण आमचे प्राचार्य हटवार सर यांच्या मते चित्रकला हा विषय नसून विश्रांती आहे, आणि विश्रांती घेणाऱ्या बाईला काहीतरी काम द्यायला पाहिजे. म्हणून मी रुजू झाले त्याच दिवशी उलट्या, ताप, घोळणा फुटणे आणि गणिताच्या चाचणीच्या दिवशी हमखास येणारी पोटदुखी, असं सगळं माझ्या पदरात पडलं.

मी आपला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतला. घोटीव कागदाच्या चिठ्ठ्या कापून औषधांवर नावं चिकटवली. कोणाची फिटची गोळी, कोणाच्या सिकलसेलच्या गोळ्या, कोणाचं कानाचं औषध. मूल यायचं, मी नाव बघायचे, आईबापांनी लिहून दिलेलं बघायचे, औषध द्यायचे, वर पेलाभर पाणी पाजायचे आणि मूल वर्गात परत जायचं. वर्षानुवर्षं कोणाला काही झालं नाही. या पद्धतीत दोष एकच होता, तो म्हणजे तिचं उद्घाटन झालं नव्हतं.

डब्यात नसलेलं औषध एकच, भैरवीचा पंप. भैरवी पाचवीत आहे आणि तिला दमा आहे. तो निळा पंप कायम तिच्या ट्यूनिकच्या खिशात असायचा. तिची आई प्रीती बुटीबोरीला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. मुलीचं नाव घालायला आली तेव्हाच तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, पंप हिच्याजवळच राहू द्या जी. मी तिकडं कामावर राहतो, फोन आला तरी मले पोचाले बहुत वेळ लागते. हिच्या दम्याले तेवढा धीर नाही."

एवढंच तिचं मागणं होतं. यावर आमच्या स्टाफरूममध्ये चर्चासत्र झालं. मिनल मॅडम म्हणाल्या की पंपाची सवय लागते. मी म्हटलं, श्वास घ्यायचीही लागते, लहानपणापासूनच लागते. त्यानंतर त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि तो आठवडा फार सुखात गेला.

मग संस्थेचे सचिव भैय्याजी पुण्याला एका लग्नाला गेले. तिथे वऱ्हाड ज्या शाळेत उतरलं होतं, त्या शाळेत त्यांना आरोग्य कक्ष दिसला. लग्नाला गेलेला माणूस पोट बिघडवून परत येतो. आमचे भैय्याजी आरोग्य कक्ष घेऊन परत आले. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की स्नेहसंमेलनाच्या सकाळी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते आपल्याही कक्षाचं उद्घाटन होणार.

संमेलनाच्या भरजरी शालू-फेट्यांची अडगळ जिथे होती ती खोली रिकामी झाली. एक पलंग आला, त्यावर पांढरी चादर आली. भिंतीवर माझ्याकडून एक पोस्टर रंगवून घेतलं गेलं. त्यात गुलाबी फुप्फुसं होती आणि खाली लिहिलं होतं, 'दमा असल्यास घाबरू नका, औषध नेहमी जवळ ठेवा.' आणि काचेच्या दारांचं एक कपाट आलं. त्यावर लाल अधिकचं चिन्हही मीच काढलं. विश्रांती घेणाऱ्या बाईचे हे असे उपयोग होतात.

संमेलनाच्या आदल्या दिवशी भैय्याजी पाहणीला आले. कपाटासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे रिकामं काहून दिसून राहिलं? पाहुण्याले काय नुसते कप्पे दाखवायचे काय?"

कपाट आणायचं सगळ्यांना सुचलं होतं, आत काय ठेवायचं ते कोणाला सुचलं नव्हतं. पण हटवार सर संकटात खुलतात. त्यांनी तिथल्या तिथे तोड काढली. शाळेत एवढी आजारी मुलं आहेत, त्यांची औषधं आहेत, ती या कपाटात मांडायची. माझा डबा आला आणि रिकामा झाला. वर्गावर्गांतून सूचना फिरली की ज्याच्याजवळ जे औषध असेल ते ताबडतोब जमा करावं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं म्हणतात. आमच्याकडे रेड्याच्या तोंडातलं काढून पखालीला दिलं.

मांडणीचं काम मिनल मॅडमकडे गेलं, कारण त्यांची हळदीकुंकवाची आरास प्रसिद्ध आहे. त्यांनी आधी माझ्या नावांच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. गबाळ्या दिसतात म्हणाल्या. मग उंच बाटल्या मागे, बुटक्या पुढे, गोळ्यांची पाकिटं पंख्यासारखी उलगडून, असं सगळं लावलं. खरोखर छान दिसत होतं. कोणाचं काय आहे ते कळत नव्हतं, एवढंच.

मी हटवार सरांना गाठलं. "सर, बाकीचं राहू द्या, चिठ्ठ्या मी पुन्हा लावीन. पण भैरवीचा पंप कपाटात ठेवायचा नाही. तो तिच्या खिशातच पाहिजे."

"मॅडम, तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"दमा दिवस विचारून येत नाही, सर."

"नियम सगळ्यांना सारखा. उद्या पाहुण्यांनी विचारलं की या मुलीजवळ वेगळं काहून आहे, तर काय सांगू?" एवढं बोलून ते स्वतः पाचवीच्या वर्गात गेले. भैरवीसमोर तळहात पसरून म्हणाले, "दे बेटा. एकच दिवस ठेवतो. उद्या लगेच परत."

भैरवीनं माझ्याकडे बघितलं. मी दारातून, अख्ख्या वर्गादेखत, "सर, नका घेऊ," असं म्हणाले. सर हसले आणि हात तसाच ठेवला. दहा वर्षांची पोर प्राचार्यांपुढे किती वेळ टिकणार? तिनं पंप दिला.

मी प्रीतीला फोन करून सगळं सांगितलं. ती बिचारी दुसऱ्या दिवशी घरचा जादा पंप मुलीच्या दप्तरात घालून कामावर गेली. पण त्या सकाळी फाटकावर दप्तरं तपासली जात होती. मुलांनी संमेलनात चिवडा-फुटाणे आणू नयेत म्हणून ही तपासणी असते. मी आत रांगोळी काढत होते, मला नंतर कळलं. तिथे मिनल मॅडम होत्या. दुसरा पंप पाहून त्या म्हणाल्या, "बरं झालं, वरचा कप्पा थोडा उघडाच वाटत होता."

पाहुणे सकाळी यायचे होते. सगळी मुलं मैदानात रांगांनी बसली होती. मैदानावर ताज्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या आणि वाऱ्यावर ती फक्की सगळ्यांच्या नाकातोंडात जात होती. पाहुणे येत होते. बराच वेळ ते येतच होते. मोठ्या माणसांचं हे एक असतं, निघायच्या आधीच ते रस्त्यात असतात. मग फाटकातून एक पांढरी गाडी आत शिरली आणि कोणीतरी ओरडलं, आले, आले! बँड सुरू झाला, फटाक्यांची लांबलचक लड पेटली. गाडीतून मंडपवाला उतरला. त्याच्या खुर्च्यांचा हिशेब राहिला होता.

धुराचा लोट सरळ पाचवीच्या रांगेवर गेला.

थोड्याच वेळात आमच्या शिपाईण जयवंताबाई भैरवीला धरून माझ्याकडे आल्या. "मॅडम, पोट्टीले श्वासच घेता येऊन नाही राहिला जी!" भैरवीचे खांदे वर-खाली होत होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ती 'मॅडम' म्हणायला लागली आणि 'मॅ' वरच थांबली. मी तिला उचललं आणि आरोग्य कक्षाकडे पळाले.

तिथे कपाट होतं. काचेतून औषधं दिसत होती. दोन्ही दारांच्या मुठींना गुलाबी साटीनची फीत बांधली होती आणि तिचं भलंमोठं फूल मधोमध बसवलं होतं. बाजूच्या टेबलावर चांदीचं तबक होतं. तबकात हळदकुंकू, नारळ, गोंडा लावलेली कात्री आणि कुंकवाचं बोट लावलेली कपाटाची किल्ली. तबकाशेजारी हटवार सर राखणीला उभे होते. भैय्याजी खिडकीशी फोनवर होते.

"सर, किल्ली द्या. भैरवीचा पंप काढायचाय."

सरांनी भैरवीकडे पाहिलं, मग फितीकडे पाहिलं. दोन्हीपैकी जास्त काळजी कशाची वाटली ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "मॅडम, फक्त पाच मिनिटं. साहेब अजनी चौकात आले आहेत."

"हिच्या छातीला चौक कळत नाही!"

"तोवर वाफ द्या. कोमट पाणी पाजा. घाबरू नका, बेटा, घाबरायचं नाही." एवढं सांगून त्यांनी माझ्या पोस्टरकडे बोट दाखवलं. घाबरू नका, असं तिथे लिहिलंच होतं. पुढची अर्धी ओळ त्यांनी वाचली नव्हती.

भैरवीचे ओठ पांढरे पडायला लागले होते. ती माझ्या दंडाला घट्ट धरून कपाटाकडे बघत होती. काचेपलीकडचं तिचं स्वतःचं औषध. मला इतकी भीती वाटली आणि इतका राग आला की दोन्हीतलं काय जास्त होतं ते आजही सांगता येणार नाही. मी तिला पलंगावर बसवलं, तबकातली कात्री उचलली आणि फीत कापली.

आयुष्यभर मी कागद, पुठ्ठा, कापड कापत आले आहे. इतकं स्वच्छ काहीच कापलं नाही.

"ओ मॅडम!" भैय्याजींचा फोन हातातून निसटायचाच राहिला. "फीत कापली! तुम्ही काय करून राहिल्या हे? फीत कापली ना तुम्ही!"

मी किल्ली घेतली, दार उघडलं. दोन्ही पंप वरच्या कप्प्यात सगळ्यात मागे लोटले होते, कारण पुढे ते नीट उभे राहत नव्हते. मी हात घातला. खोकल्याच्या बाटल्या आडव्या झाल्या, गोळ्यांचा पंखा खाली पडला. निळा पंप हाताला लागला. भैरवीनं तो माझ्या हातातून घेतला, टोपण काढलं, हलवला आणि तोंडाला लावला. एक दाब. थांबली, मग दुसरा. मी पाठीवर हात ठेवून तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं सावकाश घ्यायला सांगत राहिले. हळूहळू ती शिट्टी खाली बसायला लागली. खांदे जागेवर आले. मग ती पूर्ण शब्द बोलली. "मॅडम, पाणी." मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

जयवंताबाईंना मी ऑटो आणायला पाठवलं, कारण पोरीला डॉक्टरांना दाखवणं भागच होतं. जाता जाता त्यांनी फटाक्यांच्या दुसऱ्या लडीवर बादलीभर पाणी ओतलं, हे मला मागाहून कळलं. प्रीतीला फोन केला. मागे मशिनचा आवाज येत होता. ती "निघतो," म्हणाली आणि फोन बंद झाला.

आणि ऑटोच्या आधी पाहुणे आले.

धावपळ झाली. मिनल मॅडमनी फितीची दोन टोकं जुळवून गाठ मारली आणि गाठीवर गुलाबाचं फूल खोचलं. त्यांचा हात खरंच कलेचा आहे. भैरवीला उठवायला वेळ नव्हता, म्हणून ती पलंगावर राहिली. पाहुणे आत आले, टाळ्या झाल्या, कापलेली फीत पुन्हा कापली गेली, पुन्हा टाळ्या झाल्या. मग साहेबांची नजर पलंगाकडे गेली आणि ते एकदम खूश झाले.

"अरे वा! पेशंटची पण व्यवस्था केली तुम्ही!"

"हो ना, साहेब," भैय्याजी म्हणाले. या माणसाला लाज कधी वाटते ते बघायची माझी फार इच्छा आहे.

फोटोग्राफर पुढे सरसावला. "साहेब, मुलीला औषध देताना एक घेऊ."

औषध पाहिजे म्हटल्यावर सगळे इकडेतिकडे बघायला लागले. ते भैरवीच्या मुठीत होतं. हटवार सर गोड हसत तिच्याकडे वाकले. कालचाच तळहात, कालच्यासारखाच पसरला. "दे बेटा. एकच मिनिट. साहेब तुला लगेच परत देतील."

भैरवीचा आवाज अजून बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"नाही देत जी. काल पण तुम्ही असंच म्हटलं होतं."

सरांचा हात तसाच राहिला. फोटोग्राफरनं सवयीनं बटण दाबलं, आणि तो फोटो संस्थेनं कुठेच लावलेला नाही. भैरवीनं पंप ट्यूनिकच्या खिशात टाकला, वरून हात ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, ऑटो आला काय?"