तिसरा तेहमुल

आमच्या घराण्यात पुरुषांची नावं दोनच. तेहमुलचा मुलगा बेजन, बेजनचा मुलगा तेहमुल. तिसरं नाव शोधण्याची तोशीस नवसारीत आजवर कुणी डोक्याला दिली नाही. तेव्हा कोणता तेहमुल कुठला, हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. ते मी ठेवतो. माझे आजोबा ते बहिरा तेहमुल. त्यांचे आजोबा ते ताडी तेहमुल. टोपणनाव का पडलं ते विचारू नका. मला नातेवाईक चष्मा तेहमुल म्हणतात, तेही तोंडावर.

जानेवारीत आई गेली आणि मृतांच्या नावांची वही माझ्याकडे आली. उद्यापासून मुक्ताद, म्हणजे आम्हा पारशांचे पितरांचे दिवस. या दिवसांत अग्यारीतले धर्मगुरू, दस्तूरजी, वहीतली नावं वाचतात आणि प्रत्येक नावामागे एक चांदीची फुलदाणी मांडतात. वहीत नाव नाही, त्याला प्रार्थना नाही आणि फूलही नाही. वहीच्या चिंध्या झाल्या होत्या, म्हणून मी नवी उतरवायला घेतली. संध्याकाळपर्यंत ती अग्यारीत पोचवायची होती.

माझा चुलतभाऊ पेसी म्हणाला होता, "दोन दीनबाई कशाला? एक खोड." मी त्याला तारखा दाखवल्या. एक दीनबाई १९११ साली वारली, दुसरी १९१४ साली बाळंत झाली. मेलेली बाई बाळंत होत नाही रे बावा! पेसी दोन दिवस बोलला नाही.

शेवटच्या पानावर मात्र मीच अडलो. आईच्या अक्षरात तिसरा तेहमुल बेजन. बाकी नावांच्या आधी 'बेहदीन', म्हणजे साधा गृहस्थ पारशी, असं लिहिलेलं. इथं शाई पसरलेला एक छोटा शब्द. मी तो 'खरूं' असा लावला. म्हणजे कुणीतरी तपासून 'बरोबर' असा शेरा मारला आणि तरी दुबार नाव तसंच ठेवलं! बहिरा एक, ताडी दोन. उरलो मी, आणि मी तर चष्मा पुसत बसलोय. मी नावावर तांबडी रेघ ओढली. नव्या वहीत घेतलं नाही.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून फ्रेनी फुईकडे गेलो. वडिलांची बहीण, वय एक्क्याण्णव. ती पुदिन्याच्या चहात बाटासा बिस्किट बुडवत होती.

"फुई, हा तिसरा तेहमुल कोण?"

"तूच," ती म्हणाली.

"थट्टा पुरे. मृतांची यादी आहे ही."

"मग? तू मेला होतास." तिनं वही डोळ्यांजवळ नेली. "ही रेघ कुणी मारली?"

"मी. दुबार आहे ते. बघा ना, वर 'खरूं' पण लिहिलंय."

"चष्मा कशाला लावतोस रे, शोभेला? खुर्द आहे ते. खुर्द!"

नवजोत, म्हणजे आमची मुंज, होण्याआधी मूल गेलं की त्याच्या नावाला खुर्द लावतात. धाकटा. मला हे माहीत नाही असं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत वाचत आलोय.

"अकरा महिन्यांचा होता," फुई म्हणाली. "घटसर्प. तुझी आई नाव सोडायला तयार होईना. दोन वर्षांनी तू झालास, तुला तेच नाव दिलं. आम्हाला सगळ्यांना शपथ घातली, याला सांगायचं नाही म्हणून."

"पण हॉलमधला फोटो... जरीच्या टोपीतला..."

"तो तू नव्हेस."

त्या फोटोमागे १९४८ लिहिलंय. माझा जन्म १९५० चा. ही तफावत मी शाळेत असतानाच पकडली होती आणि फोटोवाल्याची चूक म्हणून सोडूनही दिली होती. त्या बाळाच्या हनुवटीवर तीळ आहे. माझ्या नाही. "वाढत्या वयात पुसला गेला," असं मी माझ्या मुलांना सांगत आलोय. तीळ पुसला जातो! पेसीच्या दीनबाईला मी सोडलं नाही आणि इथं...

"फुलदाणी कुठाय?" फुईनं विचारलं.

"कोणती?"

"छोटी. त्याची."

कपाटात नावांपेक्षा एक फुलदाणी जास्त होती. करंगळीएवढ्या बुडाची. लहानपणी विचारलं तर आई म्हणायची, "फुलं उरतात ना, त्यांना." नवी वही उतरवताना मी हिशेब केला: नावं पंधरा, फुलदाण्या सोळा. दर वर्षी मांडतात तर सोळा, हे डोक्यात आलंच नाही, कारण दुबार नाव मी आधीच वजा केलं होतं.

"टेबलावर आहे," मी म्हणालो. "त्यात मी पेनं ठेवतो."

फुईचा बाटासा चहात विरघळून गेला.

घरी आलो. फुलदाणी उलटी केली. पेनं टेबलभर सांडली. त्यातलंच एक उचलून नव्या वहीच्या शेवटी लिहिलं: खुर्द तेहमुल बेहदीन बेजन. आयुष्यभर सही करत आलेलं नाव, तरी शाई पसरली. टिपून घेतली. पुन्हा कुणाला 'खरूं' वाटू नये म्हणून शब्द समासात वेगळा, मोठ्या अक्षरात लिहिला.

मग चिंचेनं चांदी घासायला बसलो. बुडाला शाईचा एक डाग काही केल्या निघेना.