आडवी जाणारी बाई

पूर्वानं दुकानातल्या टीव्हीच्या पडद्यावर बोट टेकवलं. "काका, बघा हं. आता येईल ती."

पडद्यावर तिची आई, राजनंदिनी, नवरीच्या वेषात बसली होती. मेंदीनं रंगलेल्या हातांकडे बघत होती. तिनं मान वर केली, ओठ जरा हलले, आणि आता हसणार एवढ्यात एक जांभळी साडी समोरून आडवी गेली. सगळा पडदा जांभळा झाला. राजनंदिनी पुन्हा पहिल्यासारखी मेंदीकडे बघायला लागली. बाजूला लग्नाच्या डीव्हीडीच्या मेनूचे चार शब्द ठाण मांडून होते: हळद, लग्न, स्वागत, पाठवणी. रिमोटनं त्यातला एक निवडेपर्यंत हे असंच चालू राहायचं, आणि वीस वर्षं चालू होतं.

"ही बाई काढा," पूर्वा म्हणाली. "आमच्या घरात जोक झालाय तिच्यावर. बाबा म्हणतात, तुझी आई हसायला लागली की कुणीतरी आडवं येतंच."

त्या लग्नाचं शूटिंग केलेले सुखदेव मेश्राम हसले नाहीत. "पेन ड्राइव्हवर देऊ का?"

"नको. मुक्ताई आजीला डिस्कच लागते. पेन ड्राइव्हला ती हातसुद्धा लावत नाही. पण ही घासून घासून अडकायला लागलीये, म्हणून नवीन. आईबाबांची ट्वेंटिएथ ॲनिव्हर्सरी आहे, तर तेवढं मेनूचं बघा ना."

"बुधवारी या."

धायरीतल्या त्या गाळ्यात आता डिस्क मागायला येतो कोण? आधारकार्डाची झेरॉक्स नाहीतर पासपोर्ट फोटो, एवढ्यावर दिवस निघायचा. लोक काचेच्या दाराबाहेरूनच काम सांगायचे आणि फोनकडे बघत उभे राहायचे. कधीकधी संध्याकाळी कुलूप लावताना सुखदेवांच्या लक्षात यायचं की आज आपण "किती कॉपी?" याशिवाय काही बोललोच नाही. असं लक्षात आलं की फार एकटं वाटायचं त्यांना, आणि तेही सांगणार कुणाला?

आता खरं सांगायचं तर ती बाई चुकून आडवी गेलेली नव्हतीच. मेनूमागचं चित्र फिरत ठेवायचं म्हणजे मोठी कटकट. वीस सेकंदांचा तुकडा संपला की तो पुन्हा पहिल्यापासून लागतो, आणि जिथे शेवट सुरुवातीला जोडला जातो तिथे नवरीचं डोकं टुणकन उडतं. त्यावर सुखदेवांनी तोडगा काढला होता. नवरीवर झूम करायचं आणि कुणीतरी तिच्या पुढ्यातून जायचं. पडदा झाकला गेला की त्या क्षणात कापायचं. जोड कुणाच्या बापाला दिसत नसे. हे जाणारं माणूस म्हणजे त्यांची बायको दीपमाला. लाइट धरायला ती प्रत्येक लग्नात बरोबर असायची. सुखदेवांनी हात वर केला की लाइट कुणाच्या तरी हातात देऊन निघायची, नवरीपुढून सरळ चालत पलीकडे जायची. सिंहगड रोडच्या निम्म्या घरांत तिची साडी होती. चेहरा एकाही घरात नव्हता.

दीपमालाला जाऊन सोळा वर्षं झाली. तेव्हा घरोघरी असे व्हिडिओ काढणारे फोन आले नव्हते. मुलगी आम्रपाली तेव्हा चौदा वर्षांची, आता बंगळुरूला नोकरीला. मागच्या उन्हाळ्यात ती फोनवर म्हणाली होती, "पप्पा, मला मम्मीचा आवाज आठवत नाहीये. चेहरा आठवतो, आवाजच नाही येत. तुमच्याकडे कुठेतरी असेलच ना? एवढी लग्नं केलीत तुम्ही."

असेलच ना. सुखदेवांनी होत्या तेवढ्या डिस्क पाहून काढल्या. सगळ्यांवर सनईच सनई. मूळ टेपा तर तेव्हा पुसून पुढच्या लग्नाला वापरायची पद्धत. ज्या उरल्या, त्यांत भटजी होते, बँड होता, रुसलेले जावई होते. लोकांच्या आयाबहिणी जपून ठेवायचं काम आयुष्यभर केलं, आणि स्वतःच्या पोरीला द्यायला आईचा एक शब्द नाही. याची त्यांना लाज वाटायची. आम्रपालीनं पुन्हा विचारलं नाही, त्याची जास्तच.

राजनंदिनीची टेप सापडली ती कपाटात नाही, माळ्यावर, हळदीच्या टेपेला रबरबँडनं बांधलेली. सुखदेवांनी जुना कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला. हसू हवं तर साडी जाऊ द्यायची आणि पुढचं बघायचं, एवढंच काम होतं. पुढचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. जोड मिळाला की ते तिथेच थांबायचे.

साडी आडवी आली. आणि स्पीकरमधून अगदी जवळून आवाज आला.

"हास न वं बाई. तुह्याकडेच पाहून रायले ते. माह्याकडे बारा वर्सांत एक डाव बी नाही वळला त्यायचा कॅमेरा."

राजनंदिनी खळखळून हसली.

सुखदेवांचा हात माउसवर तसाच राहिला. उखाणा नीट ऐकू यावा म्हणून त्या दिवशी नवरीच्या पदराला छोटा माइक लावला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. ते स्वतः पंधरा-वीस फुटांवर, बाजूला बँड. तिथे त्यांना कसं ऐकू येणार? आणि नंतर मेनूवर सनई चढवली, तेव्हा मूळ आवाज ऐकलाच कुणी?

लग्न करून भंडाऱ्याहून येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, तरी बोली काही सुटली नव्हती तिची. आवाज थोडा घोगरा. चिडलेला नाही, थट्टेचाच. पण थट्टा कुठून येते ते बायकोच्या बाबतीत नवऱ्याला कळायला हवं. त्यांना कळलं, वीस वर्षांनी.

त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला त्यांनी दुपारी यायला सांगितलं.

बुधवारी पूर्वानं नवा मेनू पाहिला. राजनंदिनी हसत होती, हसतच होती, मध्ये कुणी येत नव्हतं. वर सनई होती. जोड आता कॉम्प्युटरच बुजवून देतो, त्याला माणूस लागत नाही.

"काका, मस्तच. आई एवढी हसली कशाला पण?"

"लाइट धरायला एक बाई होत्या. त्या काहीतरी बोलल्या."

"काय?"

"असंच. नवरीला बोलतात तसं."

ती गेल्यावर सुखदेवांनी दार ओढून घेतलं. आम्रपालीसाठी त्यांनी आवाजाचे दोन तुकडे करून ठेवले होते. एकात फक्त "हास न वं बाई. तुह्याकडेच पाहून रायले ते." गोड, नेटकं, पोरीला आई मिळाली असती आणि बापही शाबूत राहिला असता. दुसऱ्यात सगळं. कापायचं तर त्यांच्या हाताला वळणच पडलेलं होतं. पण आवाज तिचा होता, आणि आईचं बोलणं पोरीला अर्धं द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी सगळं पाठवलं.

पाच मिनिटांत आम्रपालीचा फोन आला. मागे ऑफिसातली माणसं ऐकू येत होती, मग एक दार लागल्याचा आवाज झाला.

"मम्मीच आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं तिचा आवाज बारीक होता. किती वेगळाच धरून बसले होते मी."

"हो. घोगरा होता जरा."

"पप्पा, मग पुढे? तुम्ही वळवलात का कॅमेरा तिच्याकडे?"

दोन दिवसांत त्यांनी तो तुकडा किती वेळा पाहिला होता त्याची मोजदाद नव्हती. दर वेळी ती पलीकडे निघून जायची आणि झूम आणखी आत, नवरीच्या हसण्यावर जायचं.

"नाही गं," सुखदेव म्हणाले. "नवरी फार छान हसत होती."